शेफारलेला दांडगट माणसात आणायचा कसा? कथा लिहिणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

बालपणावर लिहिलेल्या कितीतरी कथांमध्ये तो भेटतो. घरात मागेल ते मिळालेला, वर्गात कुणाच्याही वस्तूवर हात टाकणारा, दुबळं पोर हेरून त्याच्याच मागे लागणारा, आणि अंगाशी आलं की आईच्या पदराआड किंवा बापाच्या नावाआड लपणारा. कथेचा उत्तरार्ध आला की लेखकाला वाटू लागतं, याला असाच सोडून देऊ नये. मग दोन पानांत त्याचे डोळे पाणावतात, तो माफी मागतो, ज्याला छळलं तो त्याला मिठी मारतो. वाचक पान उलटतो, पण त्याला काही ते पटलेलं नसतं.

असा मुलगा कथेत सुधारू शकतो का? माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. तरी बहुतेक मसुद्यांत तो सुधारत नाही, कारण आईवडिलांनी जे लाड केले तेच लेखक पुढे चालू ठेवतो. घरच्यांनी त्याला शिक्षेपासून वाचवलं, लेखक त्याला लाजेपासून वाचवतो. घरच्यांनी त्याला वस्तू दिल्या, लेखक त्याला क्षमा देतो, तीही दुसऱ्याच्या खिशातून काढून. हे लाड कुठे कुठे शिरतात आणि ते कसे थांबवायचे, ते पायरीपायरीने पाहू.

सोबत एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत धरते. एक मुलगा बोलताना अडखळतो. वर्गातला बड्या घरचा मुलगा हजेरीच्या वेळी त्याची नक्कल करतो आणि त्याला नाव पाडतो, ‘ब्रेक’. वर्ग हसतो. पुढची चार वर्षं सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात.

पायरी १: अपराध नेमका लिहून काढा

‘तो सगळ्यांना त्रास द्यायचा’ हे वाक्य मसुद्यात असेल तर आधी ते काढा. अपराध धूसर ठेवला की पश्चात्तापही धूसरच राहतो.

शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी सुरू केला त्यांत नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १९७०च्या दशकापासून त्यांनी यावर काम केलं. छळ ओळखण्याच्या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा लेखकाच्या फार कामाच्या आहेत: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा केलेला असतो, आणि दोघांच्या ताकदीत असा फरक असतो की समोरच्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जातं. तुमच्या पात्राचं वागणं या तिन्हींवर घासून बघा. दोन बरोबरीच्या पोरांची मारामारी असेल तर ती वेगळी कथा आहे. तिथे समेट पुरतो, कुणाला माणसात आणावं लागत नाही.

आता कागदावर चार रकाने आखा. काय केलं, कोण बघत होतं, समोरच्याचं काय गेलं, आणि भुर्दंड कुणी भरला. आपल्या उदाहरणात पहिला रकाना सोपा आहे: नक्कल केली, नाव पाडलं. दुसऱ्यात सगळा वर्ग येतो, आणि हजेरी घेणारे शिक्षकही, जे ओठ दाबून हसले. तिसऱ्या रकान्यावर मात्र सर्वांत जास्त वेळ घालवा. अडखळणारा मुलगा आधी ‘हजर’ म्हणायचं सोडून हात वर करू लागला. मग प्रश्नाचं उत्तर येत असूनही उभा राहीनासा झाला. मग त्याने असे मित्र शोधले ज्यांना फार बोलावं लागत नाही. मोठेपणी कामाची निवडही त्याने तशीच केली. हा रकाना जितका खोल जाईल तितकी पुढची प्रत्येक पायरी सोपी होते.

इथे महाभारतातली एक गोष्ट आठवावी. आदिपर्वातला लहानगा भीम कौरवांना पाण्यात बुडवून धरतो, ते फळं काढायला झाडावर चढले की झाड गदागदा हलवून त्यांना खाली पाडतो. हे तो द्रोहबुद्धीने नव्हे, पोरपणाने करत होता, असंही तिथेच सांगितलं आहे. पण झाडावरून पडणाऱ्याला हा खुलासा कुठे ऐकू जातो? दुर्योधनाने पुढे भीमाला विष घालून नदीत लोटलं, त्या पातकाचं समर्थन होऊ शकत नाही. तरीही लेखकाने एवढं हेरून ठेवावं की करणाऱ्याच्या लेखी जो पोरखेळ असतो तोच सोसणाऱ्याच्या मनात वर्षानुवर्षं साचत राहतो, आणि निवेदक कुणाच्या बाजूने उभा आहे यावर वाचकाला यातलं काय दिसणार ते ठरतं.

पायरी २: लाड म्हणजे नक्की काय झालं, ते शोधा

‘लाडावलेला’ म्हटलं की आपण खेळणी, कपडे, गाड्या लिहून मोकळे होतो. पण भरपूर मिळालेली सगळीच मुलं दुसऱ्याला छळत नाहीत. ज्या लाडांनी मूल बिघडतं त्यांचा वस्तूंशी संबंध कमी आणि परिणामांशी जास्त असतो. या मुलाने काहीही मोडलं तरी ते कुणीतरी भरून दिलं. हॉटेलात प्रत्येक वेळी दुसऱ्यानेच बिल चुकतं केलं तर जेवणाऱ्याला पदार्थांची किंमत कधी कळतच नाही, तसं त्याचं झालेलं असतं. हे बिल कोण चुकतं करत होतं? पैसे फेकणारा बाप? ‘आमचा बाळ तसा नाहीच’ म्हणणारी आई? देणगीकडे बघून गप्प बसणारे मुख्याध्यापक? नेमकं एक माणूस निवडा. सगळ्यांनीच थोडं थोडं केलं असं लिहिलंत तर चित्र पुसट होईल.

एका सोप्या पळवाटेपासून इथे सावध राहायला हवं. दांडगटाच्या पोटात एक घाबरलेलं, स्वतःला कमी लेखणारं पोर दडलेलं असतं, ही समजूत कथांमध्ये इतकी रुळली आहे की आपण ती तपासतच नाही. ओल्वेयस यांना त्यांच्या अभ्यासात असं आढळलं नाही. छळणाऱ्या मुलांमध्ये भीती आणि असुरक्षितता इतर मुलांइतकीच किंवा त्याहून कमीच दिसली. म्हणजे तुमचा नायक आतून दुखावलेला असायलाच हवा असं नाही. तो मजेत असू शकतो. त्याला गंमत वाटत होती, त्याचा दरारा होता, आणि त्याला कुणी अडवलं नाही. हे लिहायला जड जातं, कारण मग दयेचा आधार उरत नाही. पण पात्र खरं होतं ते इथेच.

घरी मार खाणारा, म्हणून बाहेर मारणारा मुलगाही असतो, आणि त्याची कथा लिहायला हवी. फक्त शेफारलेल्या मुलाला त्याचा भूतकाळ उसना देऊ नका. लाडांनी त्याचं नुकसान झालं हे दाखवायचंच असेल तर हॅरी पॉटर मालिकेतल्या डडलीकडे, हॅरीच्या लाडावलेल्या मावसभावाकडे बघा. सहाव्या पुस्तकात, २००५ साली, हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर डडलीच्या आईवडिलांना तोंडावर सांगतो की तुम्ही हॅरीशी वाईट वागलात, पण या शेजारी बसलेल्या मुलाचं तुम्ही त्याहून जास्त नुकसान केलंत. आईवडिलांना ते समजतसुद्धा नाही. नुकसान दाखवलं, सबब मात्र दिली नाही. हा तोल साधायला हवा.

पायरी ३: सुधारायचा की नाही, ते आत्ताच ठरवा

प्रत्येकाला सुधारण्याची सक्ती लेखकावर नाही. १८५७ सालच्या ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ या कादंबरीतला फ्लॅशमन हा इंग्रजी शालेय कथांमधला सर्वांत प्रसिद्ध दांडगट. त्याला शाळेतून काढतात ते लहान मुलांना भाजल्याबद्दल वा छळल्याबद्दल नव्हे, दारू पिऊन सापडल्याबद्दल. कादंबरी त्याला तिथेच सोडून देते, आणि तिचं काही बिघडत नाही.

ठरवण्यासाठी मी तीन प्रश्न विचारते. हा बदलला नाही तर कथेचं काय अडतं? सोसणाऱ्या पात्राला याच्या बदलण्याची गरज आहे, की गरज फक्त लेखकाला आहे? आणि बदलाला लागणारी पानं माझ्यापाशी आहेत का? पाच पानांच्या कथेत पूर्ण परिवर्तन मावत नाही. तिथे फार तर पहिला तडा दाखवता येतो, आणि तेवढं पुरतंही. कादंबरीत मात्र अर्धी वाट दाखवून थांबलात तर ती अपुरी वाटेल.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं डळमळीत असतील तर त्याला तसाच राहू द्या. न सुधारलेला दांडगटही माणूस म्हणून पूर्ण रंगवता येतो.

पायरी ४: त्याचं कवच काढून घ्या, पण त्याला हुतात्मा करू नका

आता कथेतली पहिली खरी घटना. जो माणूस त्याचं बिल भरत होता तो बाजूला झाला पाहिजे. बाप कर्जबाजारी होतो, आई कंटाळून एकदा खरं बोलते, किंवा मुलगा अशा जागी पोहोचतो जिथे बापाचं नाव कुणाला ठाऊक नाही.

रडयार्ड किपलिंगच्या १८९७ सालच्या ‘कॅप्टन्स करेजस’मध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं. रेल्वेसम्राटाचा लाडावलेला मुलगा हार्वी जहाजावरून समुद्रात पडतो आणि त्याला कोळ्यांची एक नौका उचलून घेते. तो बापाच्या संपत्तीच्या गोष्टी सांगतो, कुणाचा विश्वास बसत नाही. आपले पैसे चोरले असा आळ तो कप्तानावरच घेतो आणि नाकावर ठोसा खातो. मग महिना साडेदहा डॉलरवर त्याला कामाला लावलं जातं. पैसे चोरीला गेले नव्हते हे कळल्यावर तो कप्तानाची माफी मागतो. इथे कुणी त्याचा सूड घेत नाही आणि कुणी त्याला उपदेशही पाजत नाही. तिथे काम केलं तरच माणूस धरला जातो, इतकंच.

‘द सीक्रेट गार्डन’मधली मेरीही अशीच. ही कादंबरी पुस्तकरूपाने आली १९११ साली. हिंदुस्थानात वाढलेली, राग आला की आयाच्या तोंडात मारणारी ही मुलगी इंग्लंडमधल्या यॉर्कशरला येते, आणि तिथली मोलकरीण मार्था तिला सरळ विचारते की स्वतःचे कपडे स्वतःला घालता येत नाहीत का? मेरीच्या बदलाची सुरुवात या साध्या प्रश्नात आहे. पण या कादंबरीबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती या लेखाच्या मुळाशी जाते. जिने मेरीचा मार खाल्ला ती आया पहिल्याच प्रकरणात पटकीने मरते. मेरी फुलते, बाग फुलते, पण त्या बाईचा हिशेब कुणी मांडत नाही. आज लिहिणाऱ्याने तो मांडावा.

या पायरीवर होणारी चूक म्हणजे दांडगटावर इतकी संकटं कोसळवायची की वाचकाला त्याची दया यावी. बाप गेला, घर गेलं, अपघातात पाय गेला. दुःख झालं म्हणजे पापक्षालन झालं असं नसतं. आपल्या ‘ब्रेक’वाल्या कथेत बड्या घरचा मुलगा कंगाल झाला तरी अडखळणाऱ्या मुलाला त्याचा आवाज परत मिळत नाही. संकट दार उघडून देतं. आत पाऊल त्याने स्वतः टाकायचं असतं.

पायरी ५: उमज पडण्याचा क्षण

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो: खड्यांनी भरलेले रांजण, नारदाची भेट, वारूळ. कथालेखक म्हणून तिचा सांधा बघा. नारद त्याला शिव्या देत नाही, शापही देत नाही. तो एक प्रश्न विचारतो आणि उत्तर आणायला घरी पाठवतो. ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी आहेत का? घरचे ‘नाही’ म्हणतात. शेफारलेल्या मुलाच्या कथेतही नेमका हाच सांधा लागतो. आजवर ज्यांनी त्याला सावरून घेतलं त्यांच्याकडून, किंवा त्यांच्याशिवाय, त्याला कळतं की केलेलं सगळं आपल्या एकट्याच्या नावावर आहे.

उमज अचानक पडू शकते, पण ती नेमक्या वस्तूवर वा आवाजावर पडली पाहिजे. ‘त्याला आपल्या चुकीची जाणीव झाली’ हे वाक्य काही दाखवत नाही. त्याऐवजी असं करून बघा: वीस वर्षांनी जुने वर्गमित्र भेटलेत. कुणीतरी सहज विचारतं, “अरे, तो ब्रेक कुठे असतो आता?” सगळ्यांना माणूस चटकन आठवतो, पण त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नाही. दांडगटालाही नाही. एका मुलाचं नाव आपण पुसून टाकलं आणि ते परत कसं लिहायचं हेही आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला तिथे कळतं. रडू आणण्याची गरज नाही. तो त्या रात्री शाळेचा जुना गटफोटो शोधतो, मागे लिहिलेली नावं वाचतो, एवढं पुरे.

त्याची भाषाही बदलताना दिसू द्या. माणूस स्वतःच्या क्रूरपणाला कसा शांत झोपवतो यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी बरंच लिहिलं आहे: कृत्याला सौम्य नाव द्यायचं, जबाबदारी सगळ्यांत वाटून टाकायची, परिणाम झालाच नाही म्हणायचं, दोष सोसणाऱ्यावर ढकलायचा. हे चारही प्रकार तुमच्या पात्राच्या तोंडी आपोआप बसतील. “गंमत चालायची.” “सगळेच म्हणायचे.” “त्यालाही हसू यायचं की.” “तोच जरा जास्त मनाला लावून घ्यायचा.” पहिल्या भागात ही वाक्यं मोकळेपणाने येऊ द्या. मग एकेक करून ती त्याच्या तोंडून गळू द्या. शेवटी उरावं ते साधं वाक्य, ज्यात करणारा तो स्वतः आहे: “ते नाव मी पाडलं.”

पायरी ६: माफीचा प्रसंग

सगळ्यात जास्त मसुदे इथे कोसळतात. म्हणून जरा थांबू.

आधी पडणारा प्रसंग बघा:

“मला माफ कर. मी लहान होतो. घरातलं वातावरणच तसं होतं. इतकी वर्षं मला झोप लागली नाही रे.”
“जाऊ दे. मी कधीच माफ केलंय तुला.”

पहिल्या संवादात फक्त दांडगट आहे. त्याचं वय, त्याचं घर, त्याची झोप. समोरच्याचं काय गेलं याचा एक शब्दही नाही. आणि दुसऱ्या वाक्यात तर लेखकाने पुन्हा एकदा त्याचं बिल भरून टाकलं. ज्याने सोसलं त्याच्याकडूनच ते भरून घेतलं, हे जास्त वाईट.

आता दुसरा प्रसंग. अडखळणारा मुलगा आता प्रौढ आहे, स्वतःच्या कामाच्या जागी बसला आहे.

“ओळखलंस?”
“ओळखलं. बसा.”
“एक सांगायला आलोय. आठवीत हजेरीच्या वेळी तुझी नक्कल मी सुरू केली. ते नावही माझंच. तू हजेरीला बोलायचं बंद केलंस ते मला दिसत होतं. मला वाटायचं, मी जिंकलो.”
बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “नववीत. आठवीत मी बोलत होतो अजून.”
“नववीत.”
“अजून काही?”
“नाही. एवढंच सांगायचं होतं.”
“मग या आता. माझी माणसं थांबलीत बाहेर.”

इथे काय काय घडलं ते बघा. माफी हा शब्दच आला नाही, कारण माफी मागणं म्हणजे समोरच्याकडे काहीतरी मागणंच. त्याने मागितलं नाही, कबूल केलं. दुसऱ्याने त्याला ‘बसा’, ‘या’ म्हटलं. शाळेत एकमेकांना अरे-तुरे करणारे हे दोघे, पण सोसणाऱ्याने अंतर राखलं आणि ते राखायचा हक्क बजावला. त्याने तपशील दुरुस्त केला. म्हणजे त्याला सगळं आठवतं, याच्यापेक्षा नीट आठवतं. आणि प्रसंग संपवला त्याने.

तुमचा प्रसंग याहून मवाळ असू शकतो, किंवा जास्त कडवा. सोसणारा ओरडेल, हसेल, भेटायलाच नकार देईल, किंवा खरोखर माफ करेल. यातलं काहीही चालेल, फक्त ते त्याच्या स्वभावातून यावं, दांडगटाच्या गरजेतून नको. मसुदा तपासताना एक प्रयोग करा. समोरच्याने “नाही, माफ करणार नाही” असं म्हटलं असं समजून पुढची पानं वाचा. त्या नकारानंतरही तुमचा नायक तसाच वागत राहतो का? राहत असेल तर तो बदलला आहे. नकार ऐकून तो चिडला, खचला, ‘मी एवढं करूनही’ म्हणाला, तर त्याला अजून लाडच हवे आहेत. अर्थात हा चिडणारा माणूसही लिहिण्यासारखा आहे, तो सुधारला असं फक्त म्हणू नका.

दोघांना प्रेमात पाडण्याबद्दल थोडक्यात. छळणारा आणि सोसणारी यांची प्रेमकथा फार लोकप्रिय आहे. तिच्यात छळ हाच प्रेमाचा पहिला अंक ठरवला जातो, आणि मुलींना तो कित्ता गिरवायला दिला जातो, म्हणून मला ती घातक वाटते. लिहायचीच असेल तर मधे अशी वर्षं घाला ज्यांत त्याचा तिच्यावर कुठलाही हक्क नव्हता, आणि निवड पूर्णपणे तिची ठेवा.

पायरी ७: भरपाई

कबुलीनंतर कथा थांबवू नका. खरं काम इथून सुरू होतं.

‘अ सायलेंट व्हॉइस’ या जपानी चित्रकथेत (२०१३ ते २०१४, चित्रपट २०१६) शोया नावाचा मुलगा वर्गातल्या कर्णबधिर मुलीला, शोकोला, छळतो. तिची श्रवणयंत्रं तोडतो. त्यांचे पैसे त्याची आई भरते. मोठा झाल्यावर तो काम करून, स्वतःच्या वस्तू विकून ते पैसे जमवतो आणि आईला परत करतो. शोकोशी बोलता यावं म्हणून खुणांची भाषा शिकतो. शोया काही बड्या घरचा मुलगा नाही, तरी शेफारलेल्या मुलाची कथा लिहिणाऱ्याने हा धडा गिरवावा. ज्याने आपलं बिल भरलं त्याला शोधून ते परत करणं ही भरपाईची पहिली पायरी. ज्याचं नुकसान केलं त्याच्या जगात जायला लागणारे कष्ट ही दुसरी.

भरपाई नुकसानीच्या जातीची असावी. आवाज हिरावून घेणाऱ्याने धनादेश दिला तर ते बापाचंच वागणं झालं. आपल्या कथेत तो काय करू शकेल? जुन्या मित्रांच्या बैठकीत पुन्हा कुणी ‘ब्रेक’ म्हणालं की तो थांबवेल: “त्याला नाव आहे. ते वापर.” हसणारे हसतील, एकदोघं दुरावतील. पुढच्या वेळी पुन्हा थांबवेल. अडखळणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. साक्षीदार नाही, शाबासकी नाही, आणि ज्या दराऱ्यावर तो वाढला तो दर वेळी थोडा थोडा उतरतो. अशी भरपाई वाचकाला पटते.

डडलीचंही तसंच. शेवटच्या पुस्तकात, २००७ साली, हॅरीच्या खोलीबाहेर चहाचा कप ठेवलेला असतो. हॅरीला तो सापळा वाटतो. कप पायाखाली येतो, फुटतो. नंतर घर सोडताना डडली दोन अडखळती वाक्यं बोलतो तेव्हा त्या कपाचा अर्थ लागतो. आयुष्यात कधी कुणासाठी काही न केलेल्या मुलाला चहाचा कप ठेवणं हेच केवढं मोठं! पात्राच्या मापाचं कृत्य शोधा.

मरणाने भरपाई करायचा मोह टाळा. छळणारा सोसणाऱ्याला वाचवताना मरतो, सगळे रडतात, हिशेब मिटतो. मेलेल्या माणसाला उद्या सकाळी उठून पुन्हा नीट वागावं लागत नाही. म्हणून हा शेवट मोठा वाटला तरी आतून तो सुटकेचाच असतो.

पायरी ८: त्याला घसरू द्या

१९५२ सालच्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मधला युस्टेस हा कुरकुरा, त्रासदायक मुलगा ड्रॅगन होतो आणि फार यातना सोसून पुन्हा माणूस होतो. त्यानंतर निवेदक चटकन एक दुरुस्ती करतो: तो तेव्हापासून वेगळा मुलगा झाला असं म्हणण्यापेक्षा तसा होऊ लागला म्हणणं खरं, कारण अधूनमधून तो जुन्या वळणावर जायचा. मुलांच्या पुस्तकातला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

तुमच्या पात्रालाही एकदा तरी जुन्या वाटेवर जाऊ द्या, तेही सुधारणा बरीच पुढे गेल्यावर. कामावर एखादा नवखा चुकतो आणि याच्या तोंडून झर्रकन एक टोमणा निघतो, चारजण हसतात, आणि ते हसू याला अजूनही आवडतं. ती आवड लपवू नका. तो तिथल्या तिथे, त्याच चारजणांसमोर काय करतो यावर प्रसंग उभा राहील.

पायरी ९: बाकीचा वर्ग

छळ फक्त दोघांत होत नाही. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी १९९६ साली वर्गातल्या इतर मुलांच्या भूमिका वेगळ्या काढून दाखवल्या: छळाला हातभार लावणारे, हसून चेव आणणारे, बाजूला राहणारे, आणि सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे. कथेत यातले दोघे तरी नावानिशी असावेत. दांडगट बदलल्यावर सर्वांत जास्त अडचण होते ती हसणाऱ्यांची. तो कबूल करतो म्हणजे त्यांचंही उघडं पडतं. ते त्याला मागे ओढतील, ‘फार मोठा साधू झालास’ म्हणतील. त्याला लाडावणारी आईही इथे येऊ द्या. “तू काय केलंस रे असं? मुलं करतातच,” हे तिचं वाक्य त्याने ऐकून घ्यायचं आणि मानायचं नाही, असा एक प्रसंग लिहा. आईचं प्रेम न नाकारता तिने दिलेली सूट नाकारणं, हे लिहायला अवघड आहे, पण शेफारलेल्या मुलाची कथा त्याशिवाय पुरी होत नाही.

पायरी १०: सोसणाऱ्याला त्याचं आयुष्य द्या

मसुदा पूर्ण झाला की रंगीत पेन्सिल घेऊन सोसणाऱ्याचे सगळे प्रसंग अधोरेखित करा. त्यातले किती प्रसंग दांडगटाशी संबंध नसलेले आहेत? एकही नसेल तर तुम्ही माणूस लिहिला नाही, दांडगटाच्या सुधारणेचं साधन लिहिलं. त्याला आवड द्या, राग द्या, दोष द्या. मार्गारेट ॲटवूडच्या ‘कॅट्स आय’मध्ये (१९८८) लहानपणी छळ सोसलेली इलेन पुढे स्वतःच तिला छळणाऱ्या कॉर्डेलियाशी क्रूर वागते, आणि मोठेपणी तिची वाट बघत राहते. समेटाची भेट काही होत नाही. सोसणाऱ्यालाही इतकं गुंतागुंतीचं असू देणारी लेखिका छळणारीलाही आपोआप माणूस करते.

आपल्या कथेतल्या अडखळणाऱ्या माणसाला एखादी लहान मुलगी असू दे, जिला तो रात्री गोष्ट वाचून दाखवतो, अडखळत, आणि तिला ती गोष्ट तशीच ऐकायची सवय आहे. हा प्रसंग दांडगटाला दिसणार नाही. तो कथेत कुठे ठेवायचा याचा विचार मात्र नीट करा. माफीच्या आधी ठेवलात तर वाचक दांडगटाबरोबर त्या माणसाच्या दारात शिरताना त्याला आधीच ओळखत असेल. नंतर ठेवलात तर ती भेट त्या माणसाच्या दिवसातली एक घटना होऊन राहील, आणि दिवस त्याचाच राहील. मी नंतर ठेवेन.